डाव्या हाताची गाठ

सहारा वाळवंटातल्या अरवान गावच्या विहिरीपाशी उंट बसले, तशी मुनीना पदर सावरत घरातून धावत आली. बारा वर्षं तिचं हेच चाललं होतं. मिठाच्या खाणीवरून तांडा आला की लादीन् लादीची गाठ चाचपून बघायची.

"वहिनी, मीठ आहे ते, टरबूज नव्हे. किती दाबून बघाल?" तांड्याचा म्होरक्या हमा हसला. तो तिचा धाकटा दीर.

"तुमच्या गाठी ढिल्या असतात, भावोजी. यांची एकही कधी सुटली नाही."

'हे' म्हणजे सिदाती, तिचा नवरा. तो डावखुरा. चामड्याची वादी भिजवायला पाणी कशाला नासायचं, म्हणून ती तोंडात धरून ओली करायचा आणि उलटा पीळ देऊन लादीला बांधायचा. असल्या उन्हात वादी बघता बघता वाळायची आणि गाठ लोखंडासारखी आवळायची. बारा वर्षांपूर्वी वाळूच्या वादळातून त्याचा उंट तेवढा परत आला होता.

शेवटच्या उंटापाशी तिचा हात थांबला. या गाठीचा पीळ उलटा होता.

"ही कुणी बांधली?"

हमाचं हसू मावळलं. "आमच्यात डावखुरं कुणीच नाही, वहिनी. आणि खाण सोडून चौदा दिवस झाले. वाटेत एकाही वादीला आम्ही हात लावलेला नाही."

मुनीनानं गाठीवर बोट ठेवलं. मग घाईघाईनं दोन्ही हातांनी ती झाकून घेतली.

गाठ ओली होती, आणि ऊन फार होतं.