सोजराबाईंचा नकार

ग्रामसभेला सोजराबाई एकट्याच आल्या होत्या. कोण काय बघतं, कुठं अंगठा दाबतं, यावरून मोबाइलच आता माणसाचं मत कळवायचा, त्यामुळं हात वर करायला कुणी येतच नसे.

"गावची विहीर त्या इंटरनेट कंपनीच्या मशिनी गार करायला द्यायची नाही," सोजराबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात आम्ही काय प्यायचं? माझा नकार लिहा."

ग्रामसेवक ढोबळे हसले. "मावशी, तुमचा होकार मंगळवारीच आलाय. रोज सहा तास व्हिडिओ बघणारी बाई नाही कशी म्हणेल?"

"मी इथं उभी राहून म्हणतेय ना."

"तेही धरलंय त्यात. चार मिनिटं राग, मग होकार. बसा, तोवर चहा घ्या."

बाईंनी चहाला हात लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळावर डोळे रोवून, दातओठ खात त्या पाचव्या मिनिटाची वाट बघत बसल्या. साडेतीन मिनिटं झाली आणि मोबाइल वाजला. दुबईच्या लेकीनं व्हिडिओ धाडला होता. नातू पहिलं पाऊल टाकायला उठला, आणि तिथंच चित्र अडकलं.

"मेलं हे नेट," सोजराबाई पुटपुटल्या, "जरा जोरात चालंल तर शपथ."

ढोबळेंनी ठरावावर शिक्का मारला.