कुंपणापलीकडची गुलाबी फुलं

वाफ्याभोवती मुंग्यांची पावडर टाकता टाकता ओलेटाचा हात मध्येच थांबला. शेजारणीच्या, झेल्माच्या, उतारावर गुलाबी ट्रिलियम, तीन पाकळ्यांची ती रानफुलं, फुलली होती. एक नाही, दोन नाही, अख्खा उतार!

हिवाळ्यातल्या वादळानं कुंपणालगतची दाट झाडी आडवी केली, म्हणून दिसली तरी. नाहीतर कशाला कळायचं! तसं त्या डोंगरात ट्रिलियम कुणाकडे नव्हती? ओकच्या सावलीत, परसदारी, घरोघर होती. पण ती सगळी पांढरी उमलायची आणि सुकताना गुलाबी व्हायची. कळीपासून गुलाबी असायची ती फक्त ओलेटाचीच. लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं, हार्मननं, ती तिच्या माहेरच्या घरामागून खणून आणली होती. पुढे तिथं धरण झालं आणि माहेर पाण्याखाली गेलं. अकरा रोपं होती. चाळीस वर्षांत एकेक करत गेली, आणि प्रत्येक वेळी ओलेटा रडली. आता तीन उरली होती.

आणि या सटवीकडे उतारभर!

तिला सगळं आठवलं. बारा वर्षं झाली असतील. जूनमधली दुपार. हार्मन कुंपणापाशी उभा, हातात कागदाची पुडी. ती त्यानं झेल्माला दिली आणि झेल्मा हसली. ते तिचं हसणं! ओलेटानं विचारलं, तर म्हणाला, "काही नाही गं." पुढच्या जूनमध्ये पुन्हा पुडी. माणूस सज्जन आहे, म्हणून ओलेटानं मनाची समजूत घातली आणि गप्प बसली. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याचा हात हातात धरून तीच बसली होती. कबरीच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी तिचंही नाव कोरून ठेवलेलं होतं. तेवढी शेवटची तारीख बाकी.

येत्या रविवारी कबरी सजवायचा दिवस होता. सगळं गाव कबरस्तान झाडायचं, गवत खुरपायचं, फुलं वाहायचं. मग तिथंच झाडाखाली पंगत बसायची. ओलेटानं उभ्या उभ्या ठरवून टाकलं. रविवारी पाद्रीबाबांना सांगायचं, माझं नाव त्या दगडावरून खोडा. मला पलीकडच्या रांगेत आईजवळ पुरा. ज्या माणसानं माझं माहेर पुड्या बांधून शेजारणीला दिलं, त्याच्या शेजारी मी नाही निजायची.

पण आधी हिला जाब विचारायचा. पावडरीचा डबा हातात तसाच घेऊन ती झेल्माच्या फाटकातून आत शिरली.

झेल्मा पायरीवर बसून स्ट्रॉबेरीचे देठ खुडत होती. सत्तरीतसुद्धा ओठांना लाली!

"ये गं. बस."

"बसायला नाही आले. ही फुलं हार्मननं दिली ना तुला? बोल! मी पाहिलंय पुड्या देताना. चाळीस वर्षं त्याला रांधून घातलं मी. आणि माझ्या वाफ्यात तीन काड्या, तुझ्याकडे फुलबाग?"

झेल्मानं टोपली बाजूला ठेवली. या वेळी ती हसली नाही.

"चाळीस वर्षं संसार केलास आणि एवढंच ओळखलंस होय त्याला?"

"फिरवून बोलू नकोस."

"बरं, सरळ सांगते. रोप एकही दिलं नाही त्यानं. बी द्यायचा, तुझ्याच झाडांचं. तेही पेरू नकोस म्हणायचा. उतारावरच्या त्या ओकच्या बुंध्यापाशी मुंग्यांचं वारूळ आहे ना, तिथं ठेव म्हणायचा. या बियांना गर असतो. मुंग्या बी ओढून नेतात, गर खातात आणि बी मातीत टाकून देतात. तिथं ते रुजतं. फूल यायला सात वर्षं लागतात बाई! मुंग्याच नसल्या तर बी झाडाखाली पडून वाळून जातं. जुनी झाडं मरतात, नवी येत नाहीत."

ओलेटानं हातातल्या डब्याकडे पाहिलं. एका वर्षी मधाच्या बरणीत मुंग्या झाल्या होत्या. तेव्हापासून दर वसंतात ती पावडर टाकत आली होती. त्या वाफ्यात तिनं एक मुंगी फिरकू दिली नव्हती.

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?" तिचा आवाज खाली आला होता. "त्याच दिवशी थांबवलं असतं मी."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, एकेका रोपासाठी रडते ती. तिच्याच हातानं असं झालं हे कळलं, तर जन्मभर स्वतःला खात बसेल. तुझ्याकडे वाढू दे, उतार भरला की तिची तिला परत दे, म्हणाला." झेल्मानं उताराकडे हात केला. "यंदा भरला. ऑगस्टमध्ये पानं वाळली की खणून आणून देणारच होते. मुंग्यांनीच कुंपणापलीकडून माझ्याकडे आणली म्हणून सांगायचं, असं ठरलं होतं आमचं. त्याचं नाव काढणार नव्हते मी. तूच काढायला लावलंस."

ओलेटा बघत राहिली. फुलांच्या मधून तीन-तीन पानांची बिनफुलांची रोपं होती, आणि त्यांच्या पायाशी एकेका पानाची इवली बाळं. दहा वर्षं, दर जूनमध्ये, तो पुड्या देत राहिला होता.

हातातला डबा तिनं झेल्माच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला.

"रविवारी तुझ्या गाडीतून नेशील मला कबरस्तानात?"

"नेईन की. फुलं वाहायचीत त्याला?"

"फुलं तर वाहीनच." ओलेटानं एप्रनला नाक पुसलं. "आणि त्याच्या शेजारची माझी जागा खुरपून घ्यायची आहे."