निओदानीची दहा माणसं

"जनगणनेचा फॉर्म भरून दिला म्हणजे झालं, असं नाही. मला माणूस दिसला पाहिजे," कायोकोबाईंनी पहिल्याच दारात बजावलं.

"दिसतोय की! अजून मेलो नाही," योनेहाचिकाका म्हणाले. "या, चहा घ्या."

निओदानी हे डोंगरावरचं शेवटचं गाव. दर पाच वर्षांनी होणाऱ्या मागच्या दोन्ही जनगणनांत तिथली लोकसंख्या बरोबर दहा भरली होती. दहाच्या खाली गेली की गावाची बस बंद, असा नियम. म्हाताऱ्यांच्या गावात दहा वर्षांत एकही माणूस कमी होऊ नये, हे खाली नगर कचेरीतल्या साहेबांच्या पचनी पडत नव्हतं. हे लोक मेलेल्यांची नावं घुसडतात, असा त्यांचा वहीम होता. म्हणून या खेपेला मुद्दाम कायोकोबाईंना धाडलं होतं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी त्यांची ख्याती.

काकांनी चार कपाटं उघडली. कप पाचव्यात सापडले.

"बायको गेल्यापासून एक वस्तू जागेवर मिळेल तर शपथ," ते पुटपुटले.

फॉर्मात मात्र त्यांनी बायकोचं नाव लिहिलं नव्हतं. माणूस सरळ आहे, असं बाईंनी मनाशी ठरवलं.

"तुमची गाडी कितीला परत?" काकांनी विचारलं.

"चारला."

पुढच्या घरी फुमिए आणि सातो या दोघी बहिणी. अंगणातल्या बांबूवर कपडे वाळत होते, घड्यांच्या रेघा अजून तशाच. भिंतीवरचं घड्याळ सव्वासातावर थांबलेलं.

"बंद आहे वाटतं?"

"आम्हाला कुठं कचेरी गाठायचीय!" सातो हसली. "तुमची गाडी कितीला हो, ताई?"

दारोदारी तेच. चहा, चौकशी, आणि गाडी कितीला. परसात पर्सिमॉनची फळं पिकून खाली पडत होती. एवढ्या उंच झाडावर चढायला गुडघे कुणाचे आहेत, असं बाईंनाही वाटलं. एकेक माणूस त्यांनी समोर बसवून पाहिला. नऊ झाले. नऊच्या नऊ धडधाकट, बोलके.

शेवटचं घर तोसेआजींचं. वय सत्त्याऐंशी. चुलीवर किटली उकळत होती, दारात मुळे वाळत टांगले होते.

"आज कसं गावाला गावपण आलंय, नाही?" आजी म्हणाल्या. त्यांना अंधुकच दिसायचं. त्यांनी बाही वर केली. हातावर सुयांच्या खुणाच खुणा. "आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला खाली जाते. बस गेली की मी गेलेच म्हणायचं. किती भरली गं माणसं?"

हे सांगायची बाईंना मुभा नव्हती.

"दहा," त्या म्हणाल्या.

आजींनी सुस्कारा सोडला आणि मुळ्याच्या लोणच्याची एक पुडी त्यांच्या हातात कोंबली. बाईंना मनापासून बरं वाटलं. साहेबांना आता चोख उत्तर देता येणार होतं.

चार वाजता फोन आला. कचेरीची गाडी पलीकडच्या घाटात बंद पडली होती. "शेवटच्या बसनं या," असं ड्रायव्हरनं सांगितलं. बाई पुन्हा आजींकडं जाऊन त्रास कशाला द्यायचा म्हणून देवळाच्या पायरीवर बसून राहिल्या. साडेपाचला बस येऊन वळली, तशा त्या चढल्या आणि मागच्या कोपऱ्यातल्या सीटवर टेकल्या. पाय भरून आले होते.

बाहेर बोलणं ऐकू आलं. फुमिए चढली. तिच्यामागून सातो, घडी घातलेले कपडे काखेत मारून. मग बाकीचे एकेक. प्रत्येकाच्या हातात लोणच्याची पुडी. सवयीनं बाईंनी मोजलं. आठ.

सर्वांत शेवटी योनेहाचिकाका. "त्या कपांनी माझा जीव घेतला असता! बरं झालं, चारला गेली ती बाई एकदाची," म्हणत ते मागं आले आणि समोर पाहून जागच्या जागी थिजले.

बाईंनी पलीकडच्या सीटवरची फॉर्मांची बॅग उचलून मांडीवर घेतली.

"बसा, काका," त्या म्हणाल्या.

बस सुरू झाली. खाली, थांब्यावर एकट्याच उभ्या असलेल्या तोसेआजी दोन्ही हात हलवत ओरडल्या,

"पुढच्या जनगणनेला या रे सगळे!"