आप्पांचा आलेख

आप्पांचा दुपारचा आकडा आजही बरोबर आला, आणि अंकितानं सांगलीच्या कॉलेजातून थेट पाटणची एसटी धरली. ही बातमी तिला फोनवर सांगायची नव्हती.

रक्तातली साखर आणि इन्सुलिन यांचं नातं समीकरणांत बसवायचं, हे तिचं संशोधन. जेवण, चालणं, इंजेक्शन एवढं कळलं की साखर किती होईल ते आधीच सांगता यावं. पण माणसांची शरीरं गणिताला जुमानत नव्हती. सांगलीतल्या रुग्णांचे अंदाज भलतीकडेच जायचे. मार्गदर्शक डॉक्टरांनी विषय बदलायला सुचवलं, तेव्हा ती वडिलांना फोन करून रडली होती.

वडील, कृष्णात आप्पा, फौजेतून निवृत्त झालेले, मधुमेहाचे जुने रुग्ण. माझ्यावर करून बघ, म्हणाले.

मग रोज सकाळी ती त्यांना आपला अंदाज कळवायची आणि जेवणानंतर आप्पा बोट टोचून खरा आकडा सांगायचे. सुरुवातीला तो लांबच पडायचा. ती हिरमुसायची, समीकरणात पुन्हा दुरुस्ती करायची. हळूहळू आलेखावरच्या दोन्ही रेषा हातात हात घालून चालू लागल्या. आज डॉक्टरही हरखले. सोमवारपासून आप्पांच्या इन्सुलिनचं प्रमाण याच गणितानं ठरवायचं, हे त्यांनी मान्य केलं.

पाटणला घरी पोचताच तिनं सांगितलेलं आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. हल्ली पायाला मुंग्या येतात, पेपरातली अक्षरं पुसट दिसतात, असं मधेच म्हणाले. वयाचं असेल, असं तिला वाटलं.

"आप्पा, एकदा माझ्यासमोर तपासा की. मला डोळ्यांनी बघायचंय."

"आता कशाला? जेवून घे आधी."

तिनंच कपाटातून साखर मोजायचं यंत्र काढलं. बटण दाबलं. पडदा उजळेना. मागचं झाकण उघडलं, तर सेल गळून आत गंज चढलेला.

तिनं ते उघडं यंत्र आप्पांसमोर धरलं.

"मग आज दुपारी आकडा कुठनं सांगितलात?"

आप्पांनी मान खाली घातली.

"तू सकाळी धाडतीस न्हवं का, त्यातच दोन-चार इकडंतिकडं करून सांगतो. आकडा चुकला की तुजा आवाज लय बारीक व्हायचा, पोरी."