चिमूटभर धूळ

लघुग्रहावरून यानाने आणलेल्या धुळीत सजीवांना लागणारी साखर सापडल्याचं एका संशोधिकेच्या जुन्या मैत्रिणीने जाहीर केलं, आणि हिच्या पोटात दुखायला लागलं. फेरतपासणीसाठी चिमूटभर धूळ हिच्याच प्रयोगशाळेत आली, तेव्हा मात्र ती हरखली. महिनाभर इरेला पेटून ती चूक शोधत राहिली. साखर हातमोज्यातून आली असेल, कुपीतून आली असेल, सगळं धुंडाळलं. काहीच हाती लागलं नाही. शेवटी जिवावर येऊन तिने फोन केला.

"तुझं बरोबर आहे. साखर तिथलीच आहे."

मैत्रीण म्हणाली, "आता कुठे माझा विश्वास बसला. धूळ तुझ्याकडेच पाठवा, असा हट्ट मीच धरला होता. बाकी सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं असतं गं."