त्याच दिवशी विकलेलं पदक

सुताराने पदक उजेडाकडे धरलं, कडेवरचं नाव वाचलं आणि मान डोलावली.

"हेच."

"सुटलो बुवा!" जुन्या वस्तूंचा दुकानदार हसला. "काका, या एका पदकापायी किती वर्षं माझं डोकं खाल्लंत! आणि निघालं कुठे, तर आमच्याच माळ्यावर."

तरुणपणी सुतार ज्या लढाईत लढला, तिच्यातून त्याच्या तुकडीतले थोडेच परतले. कामी आलेल्या प्रत्येकाच्या नावाचं ब्राँझचं पदक सरकारने घडवलं आणि घरच्यांच्या हाती दिलं. पुढे घरं मोडली, माणसं पांगली, पदकं भंगारात गेली. सुतार ती हुडकून आणायचा, घासूनपुसून लख्ख करायचा. स्वतः केलेल्या पेटीत मखमलीवर मांडायचा. बाकीची जमली होती. हे एकच हुलकावणी देत होतं.

"ओळखीचा होता का हो?" दुकानदाराने विचारलं.

"चांगलाच."

"मग सांगू की नको... हे माझ्या वडिलांनी घेतलेलं. त्या जवानाची बायकोच विकायला आली होती. पदक मिळालं त्याच दिवशी! डोळ्यांत टिपूस नाही. वर घासाघीस केली म्हणे. वडील मरेपर्यंत सांगायचे, असं दगडाचं काळीज पाहिलं नाही."

सुताराने पदक रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि झपाझपा घरची वाट धरली. वाटेत दोनदा तो स्वतःशीच हसला.

बायको खिडकीशी मटार सोलत बसली होती. त्याने रुमाल तिच्यापुढे उघडला.

तिचे हात थांबले.

"अगं, तू तर म्हणायचीस, घर बदलताना हरवलं."

"म्हणायचे खरी."

"त्याच दिवशी विकलंस? आणि घासाघीससुद्धा?"

"केली," ती म्हणाली. "दुकानदार अगदीच कवडीमोल देत होता."

"लोक दगडाच्या काळजाची म्हणतात तुला."

"म्हणू देत." तिने पुढची शेंग उचलली. "सरकार काही म्हणो, तुम्ही जिवंत आहात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग परत याल तेव्हा पायात घालायला बूट नकोत?"