रिपोर्ट येण्याआधी

"तुमच्यापैकी कुणाच्या घरात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, आहे का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही," आम्रपालीच्या आई प्रेमलाताई घाईने म्हणाल्या. शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी, विजयमालाताईंनीही नकारार्थी मान हलवली.

आम्रपालीला तिसरा महिना लागला होता. नवरा चेतन हिंजवडीत मीटिंगमध्ये अडकलेला, म्हणून सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात तिच्यासोबत दोघांच्याही आया आल्या होत्या. एक मूळची भंडाऱ्याची, एक चंद्रपूरची. गावांची नावं ऐकून डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"विदर्भातलं कुणी आलं की मी ही तपासणी करतेच. रक्त घेतलंय, संध्याकाळी कळेल. दोष एकट्या आईत असला तर बाळाला आजार होत नाही. आईवडील दोघांतही असला, तर शक्यता चारात एक."

आम्रपाली सॉफ्टवेअरमधली. मोबाइलवर सगळं वाचून आलेली. "पण आता जीनच दुरुस्त करतात ना, डॉक्टर?"

"करतात. पेशंटच्या पेशी काढायच्या, बाहेर दुरुस्त करायच्या, परत आत सोडायच्या. परदेशात सुरू झालंय. आपल्या दारात यायला वेळ आहे. तोवर सोसायचं लेकरानेच."

सोसणं म्हणजे काय, ते प्रेमलाताईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा थोरला मुलगा सहा वर्षांचा होऊन गेला. हाडं दुखायला लागली की अंगावरची चादरही त्याला सहन व्हायची नाही. त्याच्या पाठची आम्रपाली. तिला आजार नव्हता, नुसता दोष अंगात होता. भंडाऱ्याच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं, तिच्या नावाचं 'वाहक' लिहिलेलं कार्ड घरी आलं आणि प्रेमलाताईंनी ते चुलीत घातलं. पोरीलाही सांगितलं नाही. पुढे लग्नाच्या बैठकीत सगळे ऐटीत म्हणाले, आपण बौद्ध माणसं, आपण पत्रिका-बित्रिका बघत नाही. खरंच होतं ते. पण रक्ताचा कागदही कुणी बघितला नाही. कोथरूडचा फ्लॅट, शिकलेला मुलगा, शांत स्वभावाची माणसं. असं स्थळ हातचं कोण जाऊ देईल?

आम्रपालीला सोनोग्राफीसाठी आत नेलं. बाहेर दोघी उरल्या. समोर पाटी होती : 'रिपोर्ट सहा वाजता मिळेल. पुन्हा पुन्हा विचारल्याने सहा लवकर वाजत नाहीत.' प्रेमलाताईंना तर सहा वाजायलाच नको होते. रिपोर्ट येणार, पोरीचं नाव खराब होणार, सासरचे तिला म्हणणार, फसवून गळ्यात मारली. कदाचित माहेरी पाठवतीलही. जावयात काही नाही, म्हणून बाळ तरी सुखरूप राहील, एवढाच काय तो आधार. मग कागदाने सांगण्यापेक्षा आपल्या तोंडाने सांगितलेलं बरं.

"ताई," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला फसवलं जी. आम्रपालीत तो दोष आहे. ती शाळेत होती तेव्हापासून मला माहीत आहे. लग्न मोडेल म्हणून बोलले नाही. तिला यातलं काही ठाऊक नाही. काय बोलायचं ते मला बोला, पोरीला बोलू नका."

त्यांनी मान खाली घातली. आता भर दवाखान्यात आरडाओरडा होणार. होऊ दे.

काहीच झालं नाही. शेवटी प्रेमलाताईंनी भीत भीत वर पाहिलं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्हीपण लपवलं?" त्या म्हणाल्या.